झाडीतले गणगोत

मुंबईहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत नागपूर आले की आपल्याकडची मंडळी वळकट्या आवरू लागतात. महाराष्ट्र येथेच संपला, अशी त्यांची समजूत असते. वास्तविक नागपूरच्या पूर्वेस साठएक किलोमीटरवर वैनगंगेच्या काठी भंडारा आहे आणि त्याच्याही पुढे महाराष्ट्र आहे. स्टेशन गावात नाही, वरठीला आहे; तेव्हा गाडीच्या खिडकीतून भंडारा दिसत नाही ही गोष्ट खरी. परंतु न दिसणे म्हणजे नसणे नव्हे.

गावाचे नाव जुने. रतनपूरच्या इ. स. ११०० च्या शिलालेखात ते ‘भाणारा’ असे येते. पितळेच्या भांड्यांसाठी भंडारा प्रसिद्ध, धानासाठी प्रसिद्ध, तळ्यांसाठी प्रसिद्ध. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा बरेचसे जंगल तिकडे गेले; तरी जे उरले तेही थोडे नाही. या मुलखाला येथील लोक जिल्ह्याच्या नावाने ओळखत नाहीत. ते म्हणतात, ‘झाडी’. येथली बोली ती झाडीबोली, येथली नाटके ती झाडीपट्टीची. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीसाठी केलेले काम आम्हा मराठीच्या अध्यापकांना ठाऊक असते. एखाद्या प्रदेशाने राजाचे, देवाचे किंवा नदीचे नाव न घेता नुसत्या झाडांचे नाव घ्यावे, याचे मला फार दिवस कौतुक वाटत आले आहे.

मी झाडीत गेलो तो बोलीसाठी. बरोबर आमच्या महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. ते आले लाकडासाठी. निघताना ते म्हणाले, “अहो, आपला दोघांचा धंदा एकच. तुम्ही भाषांची गणगोते शोधता, मी झाडांची. फक्त माझी मंडळी बोलत नाहीत, एवढाच फरक.”

आम्ही भाऊबीज झाल्यावर गेलो. हे दिवस या भागात मंडईचे असतात. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा. दंडार होते, नाटके होतात, पोरीबाळी माहेरी येतात, आणि मुख्य म्हणजे सोयरेधायरे भेटतात. लग्नाच्या गोष्टी येथेच निघतात. त्यामुळे परक्या माणसाला येथे पहिला प्रश्न ‘कुठले?’ असा नसतो, ‘कोनाचे?’ असा असतो. मामा कोण, आजोळ कुठले, याचा धागा लागेपर्यंत विचारणारा स्वस्थ बसत नाही. आमचा धागा कोणाशीच लागेना, तेव्हा एका म्हाताऱ्याने ‘असू द्या, चहा घ्या’ म्हणून आमची सुटका केली. पुढे चार दिवस माझे सोबती नेमका हाच प्रश्न लाकडाच्या तुकड्यांना विचारीत हिंडले: कोणाचे?

भंडाऱ्याजवळ कोका येथे २०१३ साली अभयारण्य झाले. आता ते नवेगाव–नागझिरा व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहे. सकाळच्या वेळी तेथे जावे. साग, ऐन, धावडा, बिजा, तेंदू, मोह, सालई, लेंडिया अशी झाडे मिसळून उभी असतात. नवख्या माणसाला सारे एकच हिरवे दिसते. परंतु खोडाकडे पाहू लागले की माणसे निराळी व्हावीत तशी झाडे निराळी होतात. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. धावडा फिकट, गुळगुळीत. सालईची साल पापुद्र्यांनी सुटणारी. अभयारण्यातून काडीही उचलता येत नाही आणि उचलूही नये. त्यामुळे झाडे पाहायची येथे आणि लाकूड पाहायचे गावातल्या आरागिरणीत, असा आमचा क्रम ठरला.

लाकूड पाहायचे म्हणजे काय करायचे? आपण फळीचा रंग पाहतो, वजन पाहतो, भाव विचारतो. प्राध्यापकांनी खिशातून दाढीचे पाते आणि दहापट मोठे दाखवणारे लहानसे भिंग काढले. ओंडक्याच्या तोंडाशी, म्हणजे जेथे तो आडवा कापलेला असतो तेथे, त्यांनी पात्याने नखाएवढा भाग गुळगुळीत तासला, त्यावर ओले बोट फिरवले आणि भिंग माझ्या हाती दिले. तोवर मी ज्याला भरीव समजत होतो ते लाकूड चाळणीसारखे भोकाभोकांचे निघाले. ही भोके म्हणजे मुळापासून पानापर्यंत पाणी नेणाऱ्या नळ्यांची तोंडे. मधूनमधून गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या बारीक रेषा, त्यांना मज्जाकिरण म्हणतात. नळ्यांभोवती फिकट रंगाचे मऊ ऊतक. कोठे वेढ्यासारखे, कोठे पट्ट्यासारखे. बस्स. एवढीच सामग्री. पण लुगड्याचे काठ, पदर आणि बुट्टे एवढ्याच सामग्रीतून पैठणीही होते आणि इरकलीही होते. तशी ही मांडणी प्रत्येक झाडाच्या घराण्यात निराळी.

सागाच्या ओंडक्यावर मोठ्या भोकांची एक स्पष्ट रांग वर्तुळाकार दिसते, मग लहान भोके, मग पुन्हा मोठी रांग. पाऊस सुरू झाला की झाड मोठ्या नळ्या घालते. हंगाम सरत आला की बारीक. म्हणून सागावर वर्षे मोजता येतात, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी सागाच्या वलयांवरून जुन्या काळच्या पावसाचाही माग काढला आहे. बिजा, शिसवी आणि पळस यांची फळी बाजूने तासून पाहिली तर वाऱ्याने वाळूवर उमटाव्यात तशा अगदी बारीक लाटा दिसतात. या तिघांची फुले एकाच धाटणीची, पतंगासारखी, शेंगाही येतात. म्हणजे फुलाने सांगितलेले नाते येथे लाकूडही सांगते. आणि बांबू? त्याच्या पेरात वलये नाहीत, किरण नाहीत. नळ्यांचे ठिपके इतस्ततः विखुरलेले. कारण तो झाडच नव्हे, तो गवताच्या घराण्यातला. शेताच्या बांधावर उभे राहून एका हाती धानाची काडी आणि दुसऱ्या हाती बांबूची कांब धरली तर आपण एकाच कुटुंबातला धाकटा आणि थोरला धरून उभे असतो.

हे शास्त्र तसे जुने आहे. लंडनमध्ये नेहेमाया ग्रू याने १६८२ साली वनस्पतींच्या अंतर्रचनेवरचा आपला ग्रंथ काढला, त्यात लाकडाच्या कापांची चित्रे आहेत. आपल्याकडे डेहराडूनची वनसंशोधन संस्था १९०६ साली सुरू झाली. तेथे हजारो लाकडांचे नमुने जमवले गेले, आणि १९३२ साली पिअर्सन व ब्राउन यांचा हिंदुस्थानातील व्यापारी लाकडांवरचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. पुढे के. ए. चौधरी यांच्यासारख्या तज्ज्ञांनी हे काम चालवले. हडप्पा येथे १९४६ साली एका दफनात लाकडी शवपेटीचे अवशेष सापडले. डेहराडूनच्या मंडळींनी ते तपासून सांगितले, की पेटी शिसवीच्या जातकुळीतल्या लाकडाची आणि झाकण देवदाराचे. चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या लाकडाला पान नव्हते, फूल नव्हते. तरी त्याने आपले कूळ सांगितले.

परंतु ‘हे कोणते लाकूड’ हा व्यापाऱ्याचा प्रश्न झाला. शास्त्रज्ञाचा प्रश्न त्यापुढचा: याचे आप्त कोण? लिनीयसपासून नाती ठरवली जात ती मुख्यतः फुलांवरून. फूल म्हणजे झाडाचा सणावाराचा पोशाख. तो माश्यांना, फुलपाखरांना, वाऱ्याला पाहून बदलतो. भाषेत शब्दांचे असेच असते. झाडीबोलीत हिंदीचे शब्द आले, छत्तीसगढीचे आले, गोंडीचेही आले. त्यांवरून कोणी तिला निराळ्या कुळात टाकू पाहील. परंतु वाक्य ऐकावे, विभक्ती ऐकाव्या, क्रियापद कसे चालते ते पाहावे. आत मराठी आहे. लाकूड हे मला झाडाचे व्याकरण वाटले. ते बाजारात बदलत नाही.

मी हे मोठ्या उत्साहाने बोलून दाखवले, तेव्हा प्राध्यापक हसून म्हणाले, “थोडे थांबा. व्याकरणही उसने घेतले जाते.” आणि त्यांनी सागाचेच उदाहरण दिले. सागासारखी वर्तुळाकार भोके विलायती ओकला असतात, आपल्या तुणीलाही असतात. पण या तिघांचे काडीचे नाते नाही. ऋतूंशी जुळवून घेताना तिघांनी एकच युक्ती योजली, इतकेच. कोरड्या जागची झाडे, मग ती कोणत्याही कुळातली असोत, बारीक आणि पुष्कळ नळ्या घालतात. तेव्हा जी खूण हवापाण्याने घडते ती नात्याला चालत नाही. जी हवापाण्याला न जुमानता वंशात टिकून राहते तिचाच शोध घ्यावा लागतो.

अशी एक खूण या जिल्ह्यात उघड्यावर पडलेली आहे, आणि तिची कथा सगळ्यांत मौजेची.

पाण्याच्या दोन नळ्या शेजारी असतात तेथे मधल्या भिंतीत सूक्ष्म खळगे असतात. त्यांतून पाणी एकीतून दुसरीत जाते. काही झाडांत या खळग्यांच्या तोंडाशी अतिसूक्ष्म अंकुरांची झालर असते. हार्वर्डच्या आय. डब्ल्यू. बेली यांनी १९३३ साली दाखवून दिले, की ही झालर वाटेल तेथे आढळत नाही. ठराविक घराण्यांतच ती असते. शेंगांच्या पुष्कळ झाडांत ती आहे, म्हणून तिच्या एकटीवर भागत नाही. परंतु तिच्या जोडीला दुसरी एक खूण घ्यावी. अन्नरस वाहणारे ऊतक बहुतेक झाडांत सालीच्या बाजूला असते. काही थोड्या कुळांत ते खोडाच्या आतल्या, गाभ्याकडच्या बाजूलाही असते. झालर आणि हा आतला रस, दोन्ही एकत्र सापडणारी घराणी फारच थोडी. आता नावे पाहा: ऐन, अर्जुन आणि धावडा एका कुळातले, लेंडिया दुसऱ्या, डाळिंबाच्या कुळातला, जांभूळ तिसऱ्या कुळातले. फळे पाहिली तर ऐनाला पंख, लेंडियाला कोरडे बोंड, जांभळाला रसाळ गर. यांना भाऊबंद कोण म्हणेल? पण दोन्ही खुणा पाचही झाडांत आहेत. हॉलंडमधल्या व्हॅन व्हलीट आणि बास यांनी १९८४ साली या सबंध गणाच्या लाकडाचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि पुढे पेशीतल्या जनुकांची तपासणी होऊ लागली तेव्हा तिनेही हे घराणे एकच असल्याची ग्वाही दिली.

आता भंडाऱ्याची गोष्ट. मोहाडी तालुक्यातले आंधळगाव कोशाच्या कापडासाठी प्रसिद्ध आहे. कोसा म्हणजे टसर रेशीम. त्याचा किडा तुतीवर वाढत नाही. तो रानात ऐनावर आणि अर्जुनावर वाढतो. ढिवर समाजातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आली आहेत. पोरे गोफण घेऊन पाखरे हाकतात, मोठी माणसे एका झाडाचा पाला संपला की अळ्या दुसऱ्यावर नेऊन सोडतात. ऐन-अर्जुन नसले तर हा किडा आणखी कशावर जगतो? धावड्यावर, लेंडियावर, जांभळावर! ज्यासाठी शास्त्रज्ञांना सूक्ष्मदर्शक लागला ते गोत किड्याने चावून ओळखले होते. हा किडा बोरीवर आणि सालवृक्षावरही जगतो, आणि ती झाडे या गोतातली नाहीत. तेव्हा त्याला वनस्पतिशास्त्राची पदवी देता येणार नाही. पण पाचांपैकी पाच ओळखले, ही काही लहान गोष्ट नव्हे.

धावड्याच्या नशिबी तर याहून जवळचे नाते निघाले. त्याची फळे चिमुकली, गोल गेंदात दाटलेली. म्हणून त्याला ऐनापासून वेगळे काढून स्वतंत्र वंश दिला होता. लाकडात मात्र दोघांचे साम्य होतेच. २०१७ साली दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी जनुकांच्या आधाराने दाखवले, की धावडा ऐनाच्या वंशाबाहेरचा नाहीच, आतलाच आहे. मग त्याला ऐनाचे आडनाव दिले. पण त्याचे जुने विशेषनाम त्या घरात आधीच दुसऱ्या कोणाला दिलेले होते. म्हणून नवे नाव ठेवले ते त्याच्या जुन्या वंशाच्या नावावरूनच: टर्मिनॅलिया ॲनोगायसिॲना. सासरचे आडनाव आणि माहेरची आठवण, दोन्ही राखली. आपल्या घरी थंडीत बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू होतात, त्यात हा धावड्याचा डिंक असतो, हे गृहिणींना सांगायला नकोच.

दुसरे एक नाते ऐकून मला हसू आवरेना. तेंदूचे पान म्हणजे विडी. तिच्यावर या जिल्ह्यातली हजारो घरे चालत आली. मोहाची फुले म्हणजे काय, ते सांगण्याची गरज नाही. तेंदू आबनुसाच्या कुळातला, मोह चिकूच्या कुळातला. दोघांच्या लाकडात नळ्या किरणांच्या दिशेने ओळीने लागलेल्या आणि मऊ ऊतकाच्या सुतासारख्या बारीक रेघा. म्हणून जुने अभ्यासकही त्यांना जवळ ठेवीत. आता जनुकांनी त्यांच्या गणात आणखी एक पाहुणा आणून बसवला आहे: चहा! चहाच्या लाकडात नळ्यांचे सांधे शिडीसारखे, तेंदू-मोहात ते साधे मोकळे. त्यामुळे लाकडाने हे नाते सहज उघड केले नसते. परंतु विडी, मोहाची आणि चहा ही तिन्ही एकाच गणातली निघावीत, हा योगायोग आपल्या समाजशास्त्रज्ञांनीही ध्यानात घेण्यासारखा आहे.

सालई आणि मोई ही दोन मऊ लाकडाची झाडे. सालईच्या डिंकाचा धूप होतो. मोई आंब्याच्या आणि बिब्याच्या कुळातली. दोघींच्या मज्जाकिरणांत आडव्या डिंकनळ्या सापडतात. ही दोन कुळे सख्खी बहिणी-बहिणी आहेत, हे जनुकांनीही मान्य केले.

मग प्रश्न असा उभा राहतो, की जनुके सारे सांगत असतील तर लाकडाकडे कोणी पाहायचे कशाला? प्राध्यापकांच्या बोलण्यातली खंत येथेच होती. काप घेणारे, काचपट्ट्या तयार करणारे, नुसत्या नजरेने कूळ सांगणारे विद्यार्थी आता मिळत नाहीत, असे ते म्हणाले. आणि गरज तर वाढली आहे. जुन्या, वाळलेल्या, रंधलेल्या, पॉलिश केलेल्या फळीतून जनुके मिळणे दुरापास्त. तेथे लाकडाची रचनाच बोलते. २०१७ पासून शिसवीचा सगळा वंश आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाखाली आला आहे. बंदरावर अडवलेला माल शिसवीचा की आणखी कशाचा, हे ठरते ते भिंगाखाली. सगळी लाकडे एकाच भाषेत वर्णिली जावीत म्हणून जगातल्या लाकूडतज्ज्ञांनी १९८९ साली १६३ खुणांची यादी केली. यादी आहे, वाचणारे डोळे हवेत.

असे डोळे मला एका आरागिरणीत भेटले. विदर्भात सुताराला वाढई म्हणतात. तेथील वाढईबाबा सत्तरीचे होते. आमचे भिंग पाहून त्यांना करमणूक वाटली. प्राध्यापकांनी परीक्षेसाठी म्हणून सात-आठ चिपा त्यांच्यापुढे ठेवल्या.

“बाबाजी, ओळखा बरे.”

त्यांनी एकेक चीप नाकाशी नेली, नखाने खरवडली, एक दाताखाली धरली. साग, शिवण, बिजा, हळदू, ऐन, सारे बरोबर. बिजाची चीप त्यांनी पेल्यातल्या पाण्यात टाकली आणि थोड्या वेळाने पेला उजेडात धरला. पाण्यावर निळसर झाक आली होती. शेवटी त्यांनी ऐनाचा आणि धावड्याचा तुकडा एकमेकांशेजारी ठेवला आणि म्हणाले, “गुरुजी, हे दोघं घरचेच. करवतीले दोघं सारखाच त्रास देतात.”

प्राध्यापक क्षणभर काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “हे तुम्हांला कोणी शिकवले?”

“बापानं. त्याले त्याच्या बापानं.”

“आणि तुमचा मुलगा?”

“तो नागपूरले असतो. तयार फर्निचरच्या दुकानात. तिथं भुशाच्या फळ्या येतात, गुरुजी. त्याले का वास घेनार?”

यावर आम्हा दोघांकडेही उत्तर नव्हते. प्राध्यापकांनी त्या चिपांवर शिसपेन्सिलीने नावे लिहिली, त्याखाली बाबाजींनी सांगितलेली गावरान नावे आणि ओळखण्याची खूणही लिहून घेतली: वास, चव, करवतीचा आवाज. तज्ज्ञांच्या यादीत वासाला जागा आहे, करवतीच्या आवाजाला बहुधा नसावी. त्या चिपा आता आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आहेत. यंदा दोन मुलींनी हा विषय घेतला आहे. त्यांतली एक माझ्याकडे येऊन झाडीबोलीतली झाडांची नावे कशी लिहावी हे विचारून गेली, तेव्हा मला फार बरे वाटले.

जाता जाता एक नाते सांगायचे राहिले. सागाला पूर्वी घाणेरीच्या कुळात बसवीत. सागाची आणि शिवणीची फुले, परागकण, बीजांडांची ठेवण यांचा नव्याने विचार होऊन १९९० नंतरच्या काळात ही झाडे तेथून उठवली गेली. लाकडाने एकट्याने हा निवाडा दिला नसता, पण त्याने विरोधही केला नाही. ती आली तुळशीच्या कुळात! निर्गुडीही त्याच घरातली. तुळशीला लाकूड असते, हे वारकऱ्यांना सांगावे लागत नाही. त्यांच्या गळ्यातली माळ तिच्याच खोडाची.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा तुळशीच्या लग्नाला थोडेच दिवस उरलेले असतील. ऊस येईल, चिंचा-आवळे येतील, अंतरपाट धरला जाईल. नवरीकडचे कोणी आले नाही, अशी हुरहूर त्या वेळी कोणाला वाटलीच, तर घराच्या दाराकडे पाहावे. चौकट जुनी, सागाची असेल, तर नवरीचा मामा केव्हाचा उंबऱ्यात उभा आहे.